आठ घागरींची मोटार

मोखाड्याकडून सूर्यमाळला चढणारा रस्ता खडकपाड्याच्या वरच्या अंगाला एक मोठं वळण घेतो. त्या वळणावर जंगलसाहेबांची मोटार हटकून थांबायची. आधी नाकातोंडातून वाफ सोडायची, मग दोन आचके द्यायची आणि रस्त्याच्या मधोमध बसकण मारायची. मग मंगळू ड्रायव्हर खाली उतरून पाड्याच्या दिशेनं ओरडायचा, "पानी आणा गो!" आणि बायका हातातलं काम टाकून घागरी घेऊन वर चढायच्या. चार घागरी प्यायल्याशिवाय मोटार उठत नसे.

संस्थानचा काळ होता तो. साहेबाच्या कामाला नाही म्हणायची सोय नव्हती. साहेबांनी ती मोटार मुंबईच्या कुणा व्यापाऱ्याकडून जुनी घेतलेली. वरचा हिरवा रंग उडाला होता तिथे तांबडा दिसायचा, तांबडा उडाला होता तिथे काळा, त्यामुळे ती किती घरं फिरून जव्हारला आली याचा अंदाज कुणालाही यावा. साहेबांना मात्र तिचं भारी कौतुक. घाटात मोटारी पाणी पितातच, असं मंगळूनं त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी ते मानलं होतं.

पाड्यात मोटारीचा सगळ्यात जास्त राग कुणाला असेल तर तो कोंडीला. चैत्र सरत आला की खडकातला झरा दिवसाला दहा घागरी द्यायचा. त्याच्यावर एक तांब्या नाही. पाड्यात घरं सात. आणि येत्या ऐतवारी कोंडीच्या रुपीचं लग्न होतं. पोशेऱ्याची मंडळी येणार, म्हणजे चाळीस तोंडं. कोंडीनं सातही घरांत जाऊन हातापाया पडून ठरवलं होतं, की शनिवार आणि ऐतवार झऱ्याचं सगळं पाणी लग्नघरी यायचं. वीस घागरी. त्यात भात शिजेल, माणसं पितील, नवरानवरीची अंघोळ होईल. त्यात एक घागर कमी पडली तर कोण उपाशी उठेल हेसुद्धा तिनं मनात ठरवून टाकलं होतं. बहुतेक तिचा दीर.

मंगळवारी लक्ष्या शिपाई हुकूम घेऊन आला.

"ऐतवारी साहेब मुंबईचे पाहुणे घेऊन वर बंगल्यावर जानार," तो म्हणाला. "वळणावर आठ घागरी भरून ठेवायच्या. त्या दिवशी झऱ्याला दुसऱ्या कोनी हात लावायचा नाय. मी बसनार तिथं."

"आठ?" कोंडी म्हणाली. "चार पिते ती."

"पाहुणे जाडे हायेत. वजन जास्त, तर तहान जास्त."

"ऐतवारी माझ्या पोरीचं लगीन हाय, लक्ष्या."

"मंग सोमवारी करा."

"पोशेऱ्याला तू जाऊन सांग. एकदा त्यांच्याकडची म्हातारी मेली म्हनून लांबलं. आता मोटारीला तहान लागली म्हनून लांबलं असं सांग. आनि सोमवारी तानी आजी वाकडपाड्याला लगीन लावाय जानार, ते कोन सांगेल? तू लावशील लगीन?"

लक्ष्यानं वहाणांची माती झटकली आणि पाठ फिरवली. तो काही वाईट माणूस नव्हता. हुकूम आणणं एवढंच त्याचं काम होतं, परत नेणं त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

तो गेल्यावर कोंडी तशीच वळणावर गेली. मोटार तिथे आदल्या दिवशीच थांबून गेली होती. चाकांचे ठसे होते. दोन ठशांच्या मधली माती कोंडीनं वाकून बघितली, हातानं चाचपली. कोरडी ठणठणीत. मग ती ठशांच्या मागे मागे खाली पाऊण कोस चालत गेली. कुठे ओल नाही की डाग नाही. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. चार घागरी पिणारं जनावर, आणि रस्त्यावर एक थेंब नाही, हे तिच्या डोक्यात बसेना.

बुधवारी सकाळी मोटार पुन्हा आली. या वेळी साहेब नव्हते. बंगल्यावरच्या खुर्च्या, गाद्या आणि चिनी मातीची भांडी वर पोचवून मंगळू रिकामी मोटार घेऊन परत जाणार होता. वळणावर आचके, वाफ, बसकण सगळं रीतसर झालं.

हा मंगळू मूळचा जामसरचा. पाच वर्षं मुंबईला राहून आला तो खाकी विजार, पितळी बक्कलाचा पट्टा आणि तोंडात हिंदी घेऊन. मंगळू म्हटलेलं त्याला खपत नसे.

"पानी आणा गो!"

बायका घागरी घेऊन वर आल्या खऱ्या, पण कोंडीनं त्या रस्त्याच्या कडेला ओळीनं ठेवायला लावल्या आणि स्वतः त्यांच्यापुढे फतकल मारून बसली.

"मंगळू, ही पिते ते जातं कुठं?"

"मंगलदास," तो म्हणाला. "इंजिन गरम होता है ना, मावशी. पानी पीता है. घाटात सगळ्या मोटारी पितात."

"पितात ते दिसतं. मुततात कुठं?"

मागे उभ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मंगळूनं मोटारीकडे असं बघितलं, जणू तिनं ऐकू नये.

"मशीन हाय ती मावशी. मशीन मुतत नाय."

"माझी म्हैस दोन घागरी पिते आनि कुठं गेलं ते दिवसभर दाखवते. ही चार पिते आनि खालची माती कोरडी. मी काल बघून आले."

"वाफ होते त्याची."

"माझं पेजेचं मडकं सकाळपासून चुलीवर असतं. त्याचीबी वाफ होते. मी त्यात चार घागरी वतते काय?"

मंगळूनं पुढच्या घागरीला हात घातला.

"आज हिला पानी नाय," कोंडी म्हणाली. "कुठं जातं ते सांग, मंग बघू."

मंगळूनं आधी दरडावून बघितलं, साहेबाचं नाव घेऊन बघितलं. मग हिंदी संपली. तो कोंडीशेजारी उकिडवा बसला आणि बायकांना ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात म्हणाला, "मावशी, मला चालवाया येते. उघडाया येत नाय."

"म्हंजे?"

"मुंबईला शेटच्या मोटारी पुसायचो. बघून बघून चालवाया शिकलो. साहेबाला सांगितलं, सगळं येते. आता गळते म्हटलं तर तो मुंबईचा मिस्त्री बोलावंल. मिस्त्रीला चालवायाबी येते नि उघडायाबी येते. मंग माझं काय काम? जामसरला गवत कापायला."

कोंडीला त्याची दया आली. पण दया येता येताच तिला हेही उमगलं, की या पोराची मान आता आपल्या हातात आहे, आणि दुसरी गोष्ट तिला जास्त आवडली.

"मडकं झिरपत असलं तर तुझी आय काय करायची?" तिनं विचारलं.

"बाहेरनं पुसून राख फासायची. पानी भरून ठेवायची. राख काळी पडली तिथं भोक."

"मंग? पाच वर्सं मुंबईत काय पुसलंस?"

मोटारीचं झाकण उघडलं. आतलं सगळं फडक्यानं कोरडं पुसलं. चार चुलींची राख चाळून आणली आणि बायकांनी ती नळ्यांवर, सांध्यांवर, पोटावर, जिथे हात जाईल तिथे छान जाड फासली. कोंडीनं मन घट्ट करून दोन घागरी मोटारीच्या तोंडात ओतल्या. मंगळू समोर जाऊन हँडल मारू लागला. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन सुरू झालं.

इंजिनाच्या पुढच्या अंगाला एक पंखा असतो. मंगळूला हे ठाऊक होतं, पण राख उधळेपर्यंत आठवलं नाही. सगळी राख एका फुत्कारानं उठली. कुणाच्या डोळ्यांत, कुणाच्या केसांत, आणि मंगळू इंजिनावर वाकून बघत असल्यामुळे उरलेली सगळी त्याच्या तोंडावर. बायका हसून हसून रस्त्यावर बसल्या.

"कोरडं टिकनार नाय," कोंडी डोळे पुसत म्हणाली. "चिकटंल असं पायजे."

चिकटेल असं घरात होतं. लग्नाचा चौक भिंतीवर लिहायला तांदूळ दळून त्याचं पीठ पाण्यात कालवून ठेवलं होतं. गेरूच्या भिंतीवर ते वाळलं की दुधासारखं पांढरं दिसतं, आणि त्यावर पाण्याचा एक थेंब ओघळला तरी रेघ उमटते. कोंडी ते वाडगं घेऊन आली, आणि तिच्यामागून तानी आजी आली.

तानी आजी धवलेरी. आमच्याकडे लग्न लावायला भटजी नसतो, बाई असते, तिला धवलेरी म्हणतात. तानी आजीनं चाळीस वर्षांत डोंगरातल्या किती जोड्या जुळवल्या त्याची गणती नव्हती. वयानं सत्तरीची, तोंडात तीन दात, आणि ते तिन्ही बोलायच्या कामाचे.

"ठेव ते," ती म्हणाली. "चौकाचं पीठ हाय ते. लग्नाबिगर त्याला हात नाय लावायचा."

"आजी, दोन मुठी. मोटारीला पायजे."

"लग्नाबिगर नाय म्हटलं ना."

कोंडीनं वाडगं पदराआड घेतलं. मग म्हणाली, "मंग लावा हिचं लगीन."

तानी आजीनं मोटारीकडे बघितलं. पुढून बघितलं, बाजूनं बघितलं. चाळीस वर्षं तीच तीच गाणी म्हणून ती थोडी कंटाळली असावी, कारण तिच्या डोळ्यांत एकदम काहीतरी चमकलं.

"नवरी दिसते," ती म्हणाली. "नवरा कोन?"

सगळ्यांच्या माना वळल्या. मंगळू राखेनं पांढरा झालेला चेहरा फडक्यानं पुसत होता. फडकं चेहऱ्याहून मळकं होतं.

"ए, नाय हां," तो मागे सरकत म्हणाला. "ये क्या बात है! मोटारीशी लगीन?"

"तुला दुसरी कोन देनार?" एक बाई म्हणाली. "तिसाव्या वर्सापातूर कोनी दिली नाय."

"पान्याला रोज हिच्यासंगं येतोस, हिच्यातच झोपतोस. आता लाजतोस?" दुसरी म्हणाली.

"हळद नाय तर राख लागली, बरं झालं," तानी आजी म्हणाली. "उभा ऱ्हा तिच्या बाजूला. हात ठेव तिच्या डोईवर. असा नाय रं, परक्या बाईसारखा. नीट ठेव."

मंगळूनं झाकणावर हात ठेवला आणि चटका बसून लगेच काढला. नवरी तापट होती. इंजिन निवेपर्यंत सगळ्यांना थांबावं लागलं. तेवढ्या वेळात तानी आजीनं गाणंही जुळवून टाकलं.

"नवरी आली काळी काळी, पोटात पानी, तोंडाला जाळी. नवरा बसला धरून चाक, नवरी म्हनते मला हाक!"

बायका मागून गाण्याची ओळ ओढत होत्या. चार जणींनी काड्यांच्या टोकांनी आणि बोटांनी इंजिन पिठानं माखलं. पण डोंगरातल्या बाईच्या हाती कालवलेलं पीठ दिलं आणि समोर मोकळी जागा दिली, की ती नुसती माखून थांबेल हे व्हायचं नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला काळा सपाट पत्रा होता. त्यावर बघता बघता चौक उभा राहिला. कडेनं नक्षी, वरती सूर्य, एक शिडी, एक फणी. चौकात मधोमध असते ती देवी काढायला तानी आजीनं मनाई केली. मोटारीच्या पोटात तिला धूर लागेल म्हणाली. म्हणून देवीच्या जागी एक घोडा काढला. त्याला पायांऐवजी चाकं होती.

पीठ वाळलं. मोटार सुरू झाली. पंख्यानं या वेळी काही उडवलं नाही.

"उभी असताना गळत नाय," मंगळू म्हणाला. आता तो जरा रस घेऊ लागला होता. "जव्हारला दारात उभी असते तवा कोरडी. चढाव लागला, तापली, थरथरली, तवाच पानी जाते."

"मंग चढव," म्हणत कोंडी मागे रचलेल्या गाद्यांवर चढून बसली. तानी आजी आधीच बसली होती. नवरीसोबत करवली हवीच, असं तिचं म्हणणं होतं.

मोटार वरच्या वळणापर्यंत गेली आणि वळून आली. कोंडी जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसली होती, पण तिनं झाडं बघितली नाहीत की दरी बघितली नाही. तिचं सगळं लक्ष समोरच्या झाकणाकडे. परत आल्या आल्या ती उडी मारून उतरली. झाकण उघडलं. आत सगळं पांढरं, वाळून तडे गेलेलं. मात्र एका ठिकाणी नाही. मोटारीच्या तोंडाच्या तळातून एक जाड काळी रबराची नळी इंजिनाच्या पोटात जात होती. तोंडाशी ती नळी जिथे लोखंडावर चढवली होती, तिथलं पीठ धुऊन गेलं होतं, आणि तिथून एक ओली रेघ खाली उतरत होती. खाली पत्र्याचं ताट होतं. त्या ताटावर थेंब पडला की चर्र आवाज व्हायचा आणि थेंब नाहीसा.

"बघा!" कोंडी ओरडली. "मुतते! पन तव्यावर मुतते! म्हनून माती कोरडी!"

आरडाओरडा ऐकून कोंडीचा नवरा लाडक्या वर आला. लाडक्या फुंकून वाजवायचे तारपे करायचा. दुधीचा भोपळा, बांबूच्या नळ्या आणि सांध्यांना मेण. त्याच्या तारप्यातून इकडची तिकडे एक फुंकर निसटत नाही, असं तो स्वतःच सांगायचा. त्यानं नळीकडे बघितलं आणि हसला.

"एवढंच? अरे, हे माझं रोजचं काम."

घरी जाऊन तो मेणाचा काळा गोळा घेऊन आला. हाताच्या उबेनं मऊ करून त्यानं ते मेण सांध्याभोवती असं गोल, गुळगुळीत बसवलं, की बायका बघायला पुढे सरसावल्या. मोटारीत पाणी घातलं. एक थेंब बाहेर आला नाही. लाडक्यानं बायकोकडे बघितलं. ऐतवारी आपलं नाव चार पाड्यांत होणार, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

मोटार वर गेली आणि वरच्या वळणापाशी थांबली. हवेत मधाचा वास सुटला. मग मंगळूची किंकाळी आली. सगळे धावत वर गेले, तर मेण वितळून नळीवरून ओघळत होतं आणि कुठून कुठून आलेल्या मधमाश्या झाकणाभोवती घोंगावत होत्या. मंगळू रस्त्यावर पट्टा काढून हवेत फिरवत होता. त्याचा एक कान वांग्यासारखा झाला होता.

"बायकोनं कान धरला," तानी आजी मोटारीतूनच म्हणाली. तिला माश्यांनी काही केलं नव्हतं.

"माझा तारपा कोनी चुलीवर ठेवत नाय," लाडक्या पडेल आवाजात म्हणाला, आणि घरी मांडवाचं काम आहे असं सांगून निघून गेला.

दुपार कलली होती. कोंडीनं नळीला हात लावून बघितला. लोखंडाजवळचं टोक वाळक्या आंब्याच्या सालीसारखं कडक, चिरा पडलेलं. दोन बोटं पुढे मात्र रबर मऊ होतं, दाबलं की दबायचं. तिच्या मनात एक भीती होती. आपण चुकलो आणि ही मोटार इथेच मेली, तर आठ घागरींचं राहिलं बाजूला, साहेब अख्ख्या पाड्याला जव्हारला चालत नेईल, रुपी आणि नवऱ्यासकट. पण ऐतवारी झऱ्यावर शिपाई बसणार, हेही तितकंच खरं होतं.

"टोक मेलंय, मधली जिती हाय," ती म्हणाली. "टोक कापायचं आनि पुन्हा चढवायची."

"छोटी पडंल," मंगळू म्हणाला.

"दोन बोटं कापू. दोन बोटांनी कोन छोटं पडत नाय."

नळी काढायची म्हणजे आतलं पाणी बाहेर येणार. कोंडीनं खाली दोन घागरी धरल्या आणि दोन्ही भरल्या. पाणी तांबडं होतं, पण पाणी होतं. एवढे दिवस नुसतं घेणाऱ्या मोटारीनं पहिल्यांदाच काही परत दिलं होतं, त्यामुळे बायकांना फार बरं वाटलं. मांडवाच्या अंगणाचं सारवण त्या पाण्यात झालं.

कोयत्यानं दोन बोटं टोक कापलं. नळी ओढून लोखंडावर चढवली. मंगळूच्या पेटीत तारेचं वेटोळं होतं, ती तार गुंडाळून आवळली तर ती रबरात रुतू लागली.

"मधे चामडं पायजे," कोंडी म्हणाली आणि मंगळूच्या कमरेकडे बघू लागली.

"नाय हां मावशी. मुंबईचा हाय."

"बक्कल ठेव तुला. चामडं दे."

पट्टा कापला गेला. चामड्याची पट्टी नळीवर गुंडाळून वरून तार घेतली. मोळी आवळायची ते डोंगरातल्या बाईला शिकवावं लागत नाही. दोरात काडी घालायची आणि पिळत जायचं, मोळी कण्हेपर्यंत. कोंडीनं तारेत एक बोटभर लोखंडी खिळा घातला आणि पिळला. एक पीळ, दोन, तीन. चौथ्याला चामडं करकरलं तशी ती थांबली आणि खिळा वाकवून तारेतच अडकवून टाकला.

मग मोटारीत पाणी भरलं. कोंडीनं एक बांबूची काडी तोंडातून आत घातली आणि पाणी कुठवर आलं तिथे नखानं खूण केली. मोटार वर गेली, खाली आली. पुन्हा वर, पुन्हा खाली. सूर्य टेकेपर्यंत तीनदा. प्रत्येक वेळी निवल्यावर काडी घातली. पाणी खुणेपासून हललं नव्हतं.

मंगळू एका हातानं विजार धरून उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, कानामुळे की कशामुळे ते कळत नव्हतं.

"मी सामान वर टाकतो आनि खाली जाऊन साहेबाला सांगतो, आठ घागरी नको म्हनून," तो म्हणाला.

"गप," कोंडी म्हणाली. "तू सांगशील मोटारीला नको, तर साहेब म्हनेल पाहुण्यांच्या अंघोळीला वर पाठवा. काय नाय सांगायचं. लक्ष्या बसू दे झऱ्यावर. ढोरं येत नाय, वरच्या पाड्याची पोरं येत नाय, झरा कसा भरून ऱ्हाईल. आपन आठ घागरी वळणावर ठेवू. तू फक्त थांबू नको."

"साहेब ओरडंल."

"कान सुजलाय ना तुझा? नाय ऐकू आलं."

ऐतवार उजाडला. लक्ष्या पहाटेपासून झऱ्यावर बसला होता आणि त्यानं इतकी चोख राखण केली, की झऱ्यानं त्या दिवशी दहाच्या जागी अकरा घागरी दिल्या. आठ वळणावर ओळीनं ठेवल्या. पोशेऱ्याची मंडळी आली. कोंडी मांडवात कमी आणि वळणावर जास्त होती. तिचा जीव त्या खिळ्यात अडकला होता.

खालून आवाज आला. मोटार वळणावर आली. पुढे मंगळू, विजार सुतळीनं बांधलेली, मान ताठ. मागे साहेब आणि त्यांच्या शेजारी मुंबईचे पाहुणे, एकटेच, पण लक्ष्यानं सांगितले होते त्याहून जाडे. मोटारीनं वाफ सोडली नाही, आचका दिला नाही. साहेब पुढे वाकून काहीतरी ओरडले. मंगळूनं भोंगा वाजवला आणि मोटार धूळ उडवत वर निघून गेली.

धूळ बसायच्या आत कोंडीनं पहिली घागर उचलली.

"अगं, ह्या मोटारीच्या," लक्ष्या म्हणाला.

"तिला नको झाल्या. ऱ्हाऊ देऊ हितं? ऊन पिऊन टाकेल."

लक्ष्यानं थोडा विचार केला. मग हुकुमात याबद्दल काही सांगितलेलं नाही असं म्हणत त्यानं स्वतःही एक घागर खांद्यावर घेतली.

लग्न लागलं. भात शिजला. दिराच्याही पानात दोन वेळा वाढला. पंगत अर्ध्यावर आली असताना वळणावर भोंगा वाजला आणि साहेब स्वतः पायवाटेनं खाली मांडवात आले. मागे मंगळू, त्याच्यामागे धापा टाकत पाहुणे.

"आठ घागरींचा हुकूम होता," साहेब म्हणाले. "कुठे आहेत?"

कोंडी पुढे झाली. तिच्या हातात भाताचा डाव तसाच होता. "साहेब, मोटार थांबली नाय."

"आता थांबली आहे. आता घाला."

"साहेब, तिला नको," मंगळू मागून म्हणाला.

"रोज चार घागरी पिणारी मोटार, आणि नको? चल, झाकण उघड. बघू दे मला."

सगळी पंगत उष्ट्या हातांनी वर चालली. मंगळूनं झाकण उघडलं. आतलं इंजिन अजून पांढरं होतं, कारण ते धुवायला पाणी कुणाकडे होतं? आणि झाकणाच्या पोटात सूर्य, शिडी, फणी आणि चाकांचा घोडा.

पाहुण्यांनी चष्मा पुसला, वाकून घोडा बघितला आणि विचारलं, "हे काय?"

"लगीन झालंय तिचं," तानी आजी म्हणाली. "हा नवरा."

"मंगळू!" साहेब गरजले.

मंगळूला तेव्हा सहज म्हणता आलं असतं, की मीच शोधलं, मीच बांधलं. साहेबांना ते खरंही वाटलं असतं. त्यानं एकदा सुतळी सावरली आणि म्हणाला, "साहेब, नळी गळत होती. ह्या मावशीनं शोधली, हिनंच बांधली. मी नुसतं हँडल मारलं. मला उघडाया येत नाय. खोटं बोललो होतो."

पाहुणे खो खो हसू लागले. त्यांचं सगळं अंग हसत होतं. "अहो, माझी मोटार मुंबईत दोन महिने मिस्त्रीच्या दारात पडून आहे," ते साहेबांना म्हणाले. "त्याला अजून गळती सापडत नाही. आणि याला काढू नका हां. लग्नाची बायको आहे ती त्याची."

पाहुणे हसले म्हटल्यावर साहेबांनाही थोडं हसावं लागलं. मग ते कोंडीकडे वळले. "शाबास. आता दर महिन्याला मोटार तुमच्याकडेच तपासायला आणत जाऊ."

"नको, साहेब."

"मग काय हवं तुला?"

"तो पान्याचा हुकूम. ह्या वळणावरचा. तो नको आता."

साहेबांनी पाहुण्यांकडे बघितलं. पाहुणे टक लावून साहेबांकडेच बघत होते.

"बरं," साहेब म्हणाले. "यापुढे या वळणावर मोटारीला पाणी द्यायचं नाही. लक्ष्या, ऐकलंस?"

लक्ष्यानं ऐकलं. परत न्यायचा हुकूम त्याला जन्मात पहिल्यांदा मिळाला होता, आणि तो इतका खूश झाला की पंगतीत जाऊन बसला.

पाहुण्यांना तहान लागली होती. साहेबांनी डोळ्यांनी नको नको केलं, पण त्यांनी हात पुढे केलाच. कोंडीनं घागर वाकवून तांब्या काठोकाठ भरून दिला. पाहुण्यांनी तो एका दमात संपवला आणि पुन्हा पुढे केला. तिनं दुसरा भरला. तोही संपला. तिसरा मागितला तशी ती घागरीत डोकावून किती उरलंय ते बघू लागली, आणि तानी आजी तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "पीठ थोडं उरलंय गो. ह्यालाबी लावून बघायचं काय?"